कमांडचं बारसं

"सर, माझं नाव बदलायचंय."

बाबर सरांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही. "बदल की. त्यात मला कशाला विचारतीस?"

"आजपासूनचं नाही. मागचंसुद्धा. सगळं."

तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सरांनी चष्मा काढला की समजायचं, उत्तर 'नाही' येणार आहे आणि चांगलं ऐसपैस येणार आहे.

"मागचं म्हणजे काय?"

"मी इथं लागल्यापासून 'मागोवा'त जे काही लिहिलंय, त्या सगळ्यावर शुभदा निकम असं नाव आहे. तिथं उल्का दळवी पाहिजे."

"आणि नाही झालं तर?"

"तर सोमवारपासून मी येत नाही."

हे वाक्य मी घरून पाठ करून आले होते. म्हणताना आवाज कापू नये म्हणून टेबलाची कड घट्ट धरली होती. टेबल तसंही थरथरतच होतं, कारण आमचं ऑफिस उद्यमनगरात एका लेथवाल्याच्या डोक्यावर होतं आणि खाली मशीन सुरू झालं की वर आमचे चहाचे कपसुद्धा बशीत वाजायचे. त्यामुळे मी कापतेय की इमारत, हे कुणाला कळायचं कारण नव्हतं.

वीस वर्षं होत आली आता या गोष्टीला. तेव्हा कोल्हापुरात सॉफ्टवेअर म्हटलं की लोक विचारायचे, म्हणजे पुण्याला असता का? बाबर सरांनी मात्र हट्टानं इथंच दुकान मांडलं होतं. त्यांचं अर्धं आयुष्य फौंड्रीच्या ड्रॉइंग ऑफिसात गेलेलं. एका पंपाच्या बॉडीचं ड्रॉइंग वर्षभरात कितीदा तरी बदलतं, आणि चुकून जुन्यावरनं ओतकाम झालं की सगळा माल भंगारात. ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणून त्यांनी 'मागोवा' हा प्रोग्रॅम बनवला. ड्रॉइंगमध्ये कुणी काय बदललं आणि कधी बदललं याची नोंद त्यात राहायची, आणि जुनं ड्रॉइंग कधीच हरवायचं नाही. आम्ही स्वतःचे प्रोग्रॅमसुद्धा त्यातच ठेवायचो. कमांड सगळ्या मराठीत: ठेव, दाखव, जोड, मागे. ड्रॉइंग ऑफिसातल्या माणसानं डोकं ड्रॉइंगला लावावं, इंग्रजीला नव्हे, असं सरांचं म्हणणं. आणि त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हातानं लाल रंगात लिहून ठेवलेलं: 'झालेलं पुसायचं नाही.'

सरांनी आता वळून त्याच भिंतीकडं बोट केलं.

"हे वाचलंस?"

"रोज वाचते."

"मग? आज तुझ्यासाठी नाव पुसलं, उद्या कोणी तरी येऊन म्हणेल, चुकीचं ड्रॉइंग माझ्या नावावर नको, दुसऱ्याच्या नावावर टाका. मग आपल्या 'मागोवा'वर विश्वास कोण ठेवेल? तुझं दुःख मला कळतंय पोरी. पण इतिहासाला हात लावायचा नाही."

पलीकडच्या टेबलावर सादिक मुजावर कीबोर्ड वाजवायचा थांबला होता. तो माझ्याच वयाचा. फौंड्र्यांत जाऊन 'मागोवा' बसवून द्यायचं काम त्याचं. खिडकीशी मालनआत्या. मालन पोवार. सरांच्या जुन्या ड्रॉइंग ऑफिसात त्या ट्रेसर होत्या, म्हणजे मूळ ड्रॉइंगवर पारदर्शक कागद ठेवून शाईनं गिरवायचं काम. इथं आमचं लिहून झालेलं सगळं चालवून बघायच्या, चुका काढायच्या, आणि गिऱ्हाइकांचे फोन घ्यायच्या. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचा हात थांबलेला मला दिसला.

माझं नाव उल्का. आमचे दादा गडहिंग्लजला भूगोल शिकवायचे आणि त्यांना आकाशाचं वेड होतं. पहिली मुलगी झाली तेव्हा त्यांनी कुणाला विचारलं नाही, पंचांग पाहिलं नाही, नाव ठेवून मोकळे झाले. मला माझं नाव फार आवडायचं. शाळेत अख्ख्या वर्गात तसं नाव दुसऱ्या कुणाचं नव्हतं. लग्नाच्या बोलणीतच सासूबाई म्हणाल्या, "उल्का म्हणजे पडणारी. असलं नाव घरात कशाला?" मग लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं 'शुभदा' लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा त्या वेळी मांडवाच्या खांबाकडं बघत होते, हे मात्र मी पाहिलं.

पुढं काय काय झालं ते सांगत बसत नाही. त्या घरातून मी एका बॅगेनिशी परत आले आणि पुढं कोर्टाचा निकालही हातात आला, एवढं पुरे. बँकेत नाव बदललं, रेशनकार्डावर बदललं. पण रोज सकाळी ऑफिसात येऊन मशीन सुरू केलं की वर अक्षरं यायची, 'नमस्कार, शुभदा निकम'. मी जोडलेलं, मोडलेलं, रात्रंदिवस डोकं शिणवून उभं केलेलं सगळं त्या नावावर. तांदळात लिहिलेलं नाव. ताट हलवलं असतं तर मोडलं असतं. पण इथं ते पक्कं बसलं होतं.

"सर," मी म्हटलं, "इतिहासाला हात लावायचा नाही म्हणता ना? लावलाय. तुम्हीच लावलाय."

"मी?"

"लग्नानंतर मी पहिल्यांदा कामावर आले तो दिवस आठवा. तुम्ही म्हणालात, ये, तुझा आहेर इथं आहे. आणि मला खुर्चीवर बसवून स्क्रीन दाखवलात."

सरांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांना खरंच आठवत नव्हतं, म्हणजे आठवत होतं पण या रूपात नाही. त्या दिवशी पेढे आले होते. आत्यांनी मला कुंकू लावलं होतं. आणि सरांनी, घरातल्या लेकीचं कौतुक करावं तशा उत्साहानं, मी नोकरीला लागल्या दिवसापासूनच्या माझ्या सगळ्या नोंदी उघडून दाखवल्या होत्या. कुमारी असताना केलेलं कामसुद्धा, झाडून सगळं, शुभदा निकम. आदल्या रात्री जागून त्यांनी स्वतः ते केलं होतं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

"मी विचारलं होतं तेव्हा," सादिक हळूच म्हणाला, "सर, हे नियमात बसतं का म्हणून."

"मग?"

"तुम्ही म्हणालात, आहेराला कसला नियम."

खाली लेथ बंद झाला असावा, कारण खोलीत एकदम शांत वाटलं. सर उठले आणि बाहेरच्या गॅलरीत जाऊन उभे राहिले. बराच वेळ. मला वाटलं, आपण फार बोललो. पण शब्द मागं घ्यायची माझी तयारी नव्हती.

आत आले तेव्हा त्यांनी चष्मा घातला होता.

"चोरी केली मी," ते म्हणाले, "आणि वर पेढे वाटले. मला वाटलं, मी तुला काहीतरी देतोय." मग घसा साफ करून म्हणाले, "पण पुन्हा तसं आतून गुपचूप करणार नाही. कमांड लिही. उघड. कुणी चालवली, कधी चालवली, त्याची नोंद राहील. जुनं नाव आत तळाला राहील, पुसलं जाणार नाही, पण वर दिसणारही नाही. आणि शनिवारी बारसं."

बारसं म्हणजे आमच्या ऑफिसचा एक खुळचट प्रकार. पहिली कमांड तयार झाली तेव्हा सर गमतीनं म्हणाले, लेकरू झालंय, याचं बारसं करूया. रिकाम्या खोक्यात कीबोर्ड ठेवला, तो पाळणा. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि ऑफिसात सगळे आत्या म्हणायचे ते मालनआत्यांनाच. त्यांनी ज्यानं कमांड लिहिली त्याच्या कानात नाव सांगायचं, बाकीच्यांनी त्यांच्या पाठीत धपाधप बुक्क्या मारत 'कुर्रर्र' करायचं, आणि मग घुगऱ्या. नाव काय ठेवायचं ते आदल्या दिवशी बोलून ठरलेलं असायचं; आत्या फक्त सांगायच्या. पण त्यांनी सांगितल्याशिवाय कमांड बाहेर पडायची नाही. गमतीत सुरू झालं आणि हळूहळू कायदाच होऊन बसला. सरांना तर त्याचा इतका अभिमान, की फौंड्रीवाल्यांना घुगऱ्यांचं पुडकं पाठवायचे.

मी त्या दिवशी जेवायलासुद्धा उठले नाही. काम तसं अवघड नव्हतं. माणूस पहिल्यांदा रुजू होतो तेव्हाच्या नावाची एक नोंद वेगळी असायची, तिला सरांच्या आहेराचा हात लागला नव्हता. कमांडनं ते पहिलं नाव उचलायचं आणि त्या माणसाच्या सगळ्या नोंदींवर लावायचं. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी दुपारी चहाच्या वेळी तयार होती.

"नाव काय ठेवायचं?" सरांनी विचारलं. "काम कळलं पाहिजे नावात."

"मूळ," सादिक म्हणाला.

"मूळ ठीक आहे. पण मी रात्री विचार करत होतो." सर जरा लाजले. "माहेर. पोरगी माहेरच्या नावावर परत येते. 'माहेर' कसं वाटतं?"

माझे डोळे भरून आले. सर असे होते. चूक कळली की ती निस्तरायलाही मनापासून धावायचे. "फार चांगलं आहे सर," मी म्हटलं. आणि कमांडखाली छापायची मदतीची ओळ तिथल्या तिथं टाइप केली.

सगळं चालवून बघायचं काम आत्यांचं. त्या माझ्या खुर्चीवर बसल्या आणि सवयीप्रमाणं ओळ मोठ्यानं वाचली. "माहेर. ही कमांड चालवली की माणूस आपल्या खऱ्या, पहिल्या नावावर परत जातो."

मग पुन्हा एकदा, मनाशी, "खऱ्या. पहिल्या."

"काय झालं आत्या? चुकलंय का काही?"

त्या उठल्या. पर्स खांद्याला लावली. "चालतंय बरोबर. पण मी उद्या येणार नाही."

"बारसं आहे उद्या!" सर म्हणाले.

"दुसरी आत्या बघा," त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. इतक्या वर्षांत त्यांनी बारसं चुकवलं नव्हतं. तापानं फणफणलेल्या असताना शाल पांघरून आल्या होत्या एकदा.

सर म्हणाले, असेल काही घरचं. मला ते पटेना. घरी जाताना वाटेत राग चढत गेला. ज्यांनी मला कुंकू लावलं, ज्या लग्नाआधी मला 'उल्के' म्हणायच्या आणि लग्नानंतर दुसऱ्याच दिवसापासून जराही न अडखळता 'शुभी' म्हणू लागल्या, त्यांना माझं परत येणं आवडलं नसणार. सोडून आलेली बाई. तोंडावर नाही बोलायच्या, पण नावाला आशीर्वाद द्यायची वेळ आली तेव्हा हात आखडला. मी घरची वाट सोडली आणि सरळ कसबा बावड्याला गेले.

आत्यांचं दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात त्या पाटावर बसून परातीत हरभरे निवडत होत्या. नाही येणार म्हणून सांगून आल्या होत्या, आणि घुगऱ्यांचे हरभरे निवडत होत्या.

"ये. बस," मला बघून म्हणाल्या. नवल वाटल्याचं दाखवलं नाही. "चहा टाकू?"

"चहा नको. मला एवढंच सांगा, तुम्हालाही माझ्या सासूसारखंच वाटतं का? नवऱ्यानं दिलं ते नाव बाईनं मरेपर्यंत वागवावं?"

"तसं मी कधी म्हणालो?" आत्या बोलताना आमच्याकडच्या बायकांसारखं आलो-गेलोच म्हणायच्या.

"मग नाव ठेवायला का येत नाही?"

त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. मग दुसरा.

"तुझं नाव तुझ्या वडलांनी ठेवलं," त्या म्हणाल्या. "हौसेनं. आकाशात बघून. माझं माहेरचं नाव काय, माहीत आहे तुला?"

मला माहीत नव्हतं. मालन हेच नाव, असं मी धरून चालले होते.

"नकुसा."

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"चौथी पोरगी मी. वर तिघी. चौथीला नकुसा म्हटलं की पाचवा मुलगा होतो म्हणत्यात. झाला पण. शाळेत मास्तर हजेरी घ्यायचे, नकुसा हाय का? आणि मी म्हणायचो, हाय." त्या हसल्या, पण ते हसू मला बघवलं नाही. "रानात हाक मारायची असली तरी तेच, आणि देवळात पण तेच. आई मला जीव लावायची. लावत नव्हती असं नाही. पण पोटाशी धरून पण म्हणायची काय, तर माझी नकुसा."

परातीतले हरभरे त्यांनी तळहातानं पसरले, पुन्हा गोळा केले.

"लग्नात ताटात मालन लिहिलं तेव्हा तुम्ही सगळ्या पोरी रडता तशी मी रडलो नाही. मला वाटलं, सुटलो. त्या घरात कोणी मला ते नाव घेऊन हाक मारली नाही, एवढ्यासाठी मी त्यांचं सगळं सोसलं. आणि आता तू लिहिलीस, माणूस आपल्या खऱ्या नावावर परत जातो. पहिलं तेच खरं. मी ते तुझ्या कानात सांगू? मीच? माहेर म्हणून?"

मला तोंड वर करून बघवेना. रागाचं पार पाणी झालं होतं. दादांनी ठेवलेल्या नावाच्या मायेनं मी धरून चालले होते, की पहिलं नाव म्हणजे प्रत्येकीला कुणी तरी दिलेली मायाच. मी जायला निघालेय ते दार कुणासाठी तरी कोंडवाड्याचं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आत्या," मी म्हटलं, "मी ती ओळ काढते."

"ओळ काढून काय व्हायचं. कमांडच तशी आहे." त्या ट्रेसरच्या भाषेत बोलत होत्या, रेघ चुकली की ती झाकून भागत नाही. "ती विचारत नाही. थेट मागं नेऊन टाकते."

त्या म्हणाल्या ते तंतोतंत खरं होतं. सासूनं मला विचारलं नव्हतं. सरांनी आहेर देताना विचारलं नव्हतं. आणि आता मी लिहिलेली कमांडही कुणाला काही विचारणार नव्हती.

"विचारलं तर?" मी म्हटलं. "नाव तिनं शोधायचंच नाही. माणसालाच विचारायचं, तुमचं नाव काय लावू? तो सांगेल ते. पहिलं सांगो, दुसरं सांगो, नाहीतर कुणीच न ठेवलेलं सांगो."

आत्यांचा हात थांबला.

"कुणीच न ठेवलेलं पण चालंल?"

"त्याचं त्यानं ठेवलेलं. चालेल."

त्यांनी परात उचलली, हरभरे पातेल्यात ओतले, वर पाणी घातलं. ते पाणी वर येईपर्यंत त्या बघत उभ्या होत्या. "मग 'माहेर' नको," शेवटी म्हणाल्या. "नाव मी ठेवीन. आधी सांगणार नाही. जमतंय का तुझ्या सरांना विचार."

शनिवारी सकाळी मी कमांड मुळापासून पुन्हा लिहिली. सरांना सगळं सांगितलं, फक्त आत्यांचं नाव सोडून. ते सांगायचा हक्क माझा नव्हता. ते एवढंच म्हणाले, "विचारते हे बरं केलंस. मी विचारायला पाहिजे होतं तुला त्या वेळी." नाव आधी कळणार नाही म्हटल्यावर मात्र अस्वस्थ झाले. "काम कळेल असंच ठेवणार ना? नियम आहे आपला."

"आत्याला कसला नियम," सादिक म्हणाला, आणि सर रिकामं खोकं शोधायला उठले.

दुपारी खोक्यात कीबोर्ड ठेवला. आत्या इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या, हातात घुगऱ्यांचं पातेलं. दरवेळी या प्रकाराला आम्ही खिदळायचो, त्या दिवशी कुणी खिदळलं नाही. मी खोक्याजवळ खाली बसले. आत्या वाकल्या. सर आणि सादिक त्यांच्या पाठीशी उभे राहून अगदी हलक्या हातानं बुक्क्या मारू लागले. "कुर्रर्र," दोघं म्हणाले, आणि माझ्या कानाशी आत्यांचा गरम श्वास लागला.

"हौसा," त्या म्हणाल्या.

आणि ते म्हणताना त्यांचा आवाज वेगळाच झाला होता, लहान मुलीसारखा. मी ते नाव टाइप केलं.

सर वाकून बघू लागले. "हौसा? हे काय काम झालं? फौंड्रीतल्या माणसाला काय कळणार?"

"कानात सांगून झालंय," आत्या म्हणाल्या. "आता बदलत नसतंय."

सरांनी भिंतीकडं पाहिलं, आत्यांकडं पाहिलं. मग त्यांनी पहिली मूठभर घुगरी उचलून तोंडात टाकली. म्हणजे झालं.

पहिला मान माझा. मी हौसा चालवली. स्क्रीनवर विचारलं, 'तुमचं नाव काय लावू?' माझी बोटं कीबोर्डवर होती आणि काही केल्या हलेनात. कुणी मला हे कधी विचारलंच नव्हतं, दादांनीसुद्धा नाही. मग मी लिहिलं, उल्का दळवी. एक एक नोंद वरून खाली बदलत गेली, मी नोकरीला लागले त्या पहिल्या दिवसापर्यंत. मी रडले. सगळ्यांसमोर, आवाज करून रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. सर खिडकीतून बाहेर बघत राहिले.

"रडालीस कशाला उल्के," आत्या म्हणाल्या. "ऊठ, पातेलं घासू लाग मला."

मागच्या नळावर आम्ही दोघीच होतो. पाणी बारीक येत होतं.

"हौसा कोण आत्या?"

"कोण नाही." त्या पातेल्याच्या कडा घासत होत्या. "आमच्याकडं ओढ्याकाठी आम्ही भातुकली मांडायचो. तिथं ज्यानं त्यानं आपापलं नाव घ्यायचं. मी हौसा घ्यायचो. गावात एक हौसाबाई होती, तिला सगळे फार मान द्यायचे. पण पोरी खेळात पण विसरायच्या आणि नकुसाच म्हणायच्या. त्या नावानं मला कोणी हाक मारल्याचं आठवत नाही."

"मग तुमच्या नोंदींवर लावूया की. आत्ता. मी चालवते."

त्यांनी नळाखाली हात धरला.

"नको. मालन चांगलं आहे. मालन म्हणून हाक मारणारी माणसं गेली, पण ती त्या नावात आहेत." मग पातेलं पालथं घालून म्हणाल्या, "हे तुझ्या सरांना सांगू नको. ते फौंड्रीवाल्यांना पुडक्यातनं लिहून पाठवतील."

मी कबूल केलं, आणि सर होते तोवर ते पाळलं.

पुढच्याच आठवड्यात सादिकनं नवी सीडी काही फौंड्र्यांत बसवून दिली. त्यानंतरची एक साधी सकाळ. मी मशीन सुरू केलं, 'नमस्कार, उल्का दळवी' आलं, खाली लेथ सुरू झाला, कप वाजायला लागले. आत्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. पेन भरताना त्यांच्या हाताला शाई लागलेली होती म्हणून त्यांनी कोपरानं स्पीकरचं बटण दाबलं.

"नमस्कार मॅडम, शिरोलीतनं बोलतोय," पलीकडून एक पोरगेलासा आवाज आला. मागं भट्टीचा घुमघुमाट. "आमच्याकडं ते नवीन आलंय बघा. हौसा. हौसा पाहिजे होती जरा."

आत्यांनी शाईचा हात हवेत तसाच धरला होता. मी त्यांच्याकडं बघत होते. सर चष्मा पुसत होते, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

"हॅलो? मॅडम? हौसा आहे का?"

आत्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि फोनजवळ तोंड नेलं.

"हाय," त्या म्हणाल्या. "हौसाच बोलतोय. बोला, काय नाव लावायचंय तुम्हाला?"